पगाराच्या चिठ्ठीवर उभा संसार

ब्रिटिश नागरिकाशी लग्न केले की ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क आपोआप मिळतो, असे आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत धरून चालतात. स्थळ लंडनचे आहे, मुलगा तिकडचा नागरिक आहे, एकदा साखरपुडा उरकला की व्हिसाचे बघू, अशी बोलणी होतात. प्रत्यक्षात लग्नाने मिळते ती फक्त अर्ज करण्याची पात्रता. पुढचे सारे ब्रिटनच्या गृहखात्याच्या हातात असते, आणि तिथला अधिकारी बहुधा या दोघांना कधी भेटतही नाही. तो कागद वाचतो. लग्नाचा दाखला, घराचा करारनामा, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र असे बरेच काही त्यात असते. पण अर्जाचे भवितव्य पुष्कळदा एकाच गठ्ठ्यावर ठरते: ब्रिटनमधल्या जोडीदाराच्या पगाराच्या चिठ्ठ्या. ११ एप्रिल २०२४ पासून हा पगार वर्षाला किमान २९,००० पौंड असावा लागतो. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ही रक्कम १८,६०० पौंड होती.

नवराबायकोने एकत्र राहावे की नाही हे एका आकड्यावर ठरावे, हे मला मान्य नाही. पण ज्याला हा अर्ज करायचा आहे त्याने तो आकडा आला कुठून आणि मोजतात कसा, हे नीट समजून घेतलेच पाहिजे. त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

आकडा येण्यापूर्वी ब्रिटनचे नियम माणसांच्या हेतूवर बोट ठेवत असत, आणि हेतू शोधताना कुठल्या थराला जात असत याची एक नोंद आपल्याशी थेट जोडलेली आहे. २४ जानेवारी १९७९ रोजी हीथ्रो विमानतळावर पस्तिशीतली एक भारतीय शिक्षिका उतरली. ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या माणसाशी तिचे लग्न ठरले होते. त्या काळी लग्न ठरलेल्या मुलीला आधी व्हिसा घ्यावा लागत नसे, विमानतळावरच प्रवेश मिळे. लग्न होऊन बायको म्हणून येणारीला मात्र भारतातूनच प्रवेशपत्र काढून आणावे लागे आणि त्यासाठी लांबलचक रांग असे. ही बाई रांग चुकवण्यासाठी अविवाहित असल्याचे सांगते आहे, असा अधिकाऱ्यांना संशय आला. तो फेडण्यासाठी त्यांनी एका डॉक्टरकडून तिची कौमार्य तपासणी करवली. भारतीय मुलगी लग्नाआधी कुमारिकाच असणार, नसेल तर तिचे लग्न झालेले असणार, असा त्यामागचा हिशेब. १ फेब्रुवारीला ‘गार्डियन’ने ही बातमी छापली, पार्लमेंटात आणि भारतातही संतापाची लाट उठली आणि तपासण्या थांबवाव्या लागल्या. पुढे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या सरकारी फायली चाळून दाखवले, की ती एकटीच नव्हती. १९७० च्या दशकात भारतीय उपखंडात किमान ८० स्त्रियांच्या अशा तपासण्या झाल्या होत्या.

बायका येत होत्या म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली. नवऱ्यांना तर कित्येकदा दारच बंद होते. ब्रिटनमधल्या पुरुषाने भारतातून बायको आणणे सरकारला स्वाभाविक वाटे. ब्रिटनमधल्या स्त्रीने भारतातून नवरा आणला, की तो नोकरीसाठीच आला असणार असे गृहीत धरले जाई. १९६९ मध्ये अशा नवऱ्यांचा प्रवेश जवळपास बंद केला, १९७४ मध्ये पुन्हा उघडला, आणि १९८० च्या नियमांत ‘मुख्य हेतू’ची अट आली. १९८३ मध्ये तर हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच टाकला: ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा माझ्या लग्नाचा मुख्य हेतू नाही, हे नवऱ्यानेच पटवून द्यायचे. मनात एखादी गोष्ट नव्हती, याचा पुरावा कोण कुठून आणणार?

यातला एक युक्तिवाद मराठी वाचकाला लगेच कळेल. भारतीय रिवाजाप्रमाणे मुलगी सासरी जाते. इथे तर मुलगाच बायकोच्या घरी, परदेशी निघाला आहे. म्हणजे हे रिवाजाला सोडून आहे, म्हणजे यात काहीतरी डाव आहे, असे मुलाखत घेणारे अधिकारी मांडत. आपल्याकडे घरजावयाला जी नाके मुरडली जातात, तीच त्यांनी सरकारी कारण म्हणून वापरली. लग्न खरे आहे, दोघांचे प्रेम आहे, मूलही झाले आहे, हे मान्य करूनही अर्ज फेटाळता येत असे, कारण लग्न खरे असणे आणि लग्नाचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जात.

अब्दुलअझीझ, काबालेस आणि बाल्कंडाली या ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या तीन स्त्रियांनी याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. २८ मे १९८५ रोजी त्या जिंकल्या. पुरुषाला बायको आणता येते आणि स्त्रीला नवरा आणता येत नाही, हा लिंगभेद आहे, असे न्यायालयाने म्हटले. यावर सरकारने काय केले हे मला फार बोलके वाटते. भेद मिटवायचा तर स्त्रियांना पुरुषांइतकी मोकळीक देता आली असती. सरकारने पुरुषांची मोकळीक काढून घेतली आणि नवऱ्यांसाठीच्या कडक अटी बायकांनाही लावल्या. समानता आली, पण सगळ्यांचे दार सारखेच अरुंद करून. ‘मुख्य हेतू’ची ही अट अखेर जून १९९७ मध्ये, नव्याने निवडून आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने काढली.

मधल्या काळात एका भारतीय माणसाच्या खटल्याने वेगळाच रस्ता उघडला. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये एका ब्रिटिश स्त्रीशी लग्न केले. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि परत येऊन ब्रिटनमध्ये धंदा सुरू केला. पुढे लग्न मोडू लागले आणि ब्रिटनने सिंग यांना देशाबाहेर काढायचे ठरवले. प्रकरण युरोपीय समुदायाच्या न्यायालयात गेले. ७ जुलै १९९२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की दुसऱ्या युरोपीय देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाला आपला जोडीदार युरोपीय कायद्याखाली सोबत आणता येतो. त्यासाठी मायदेशाचा कडक नियम लागू होत नाही. पुढे उत्पन्नाची अट आली तेव्हा हा निकाल हजारो जोडप्यांच्या कामी आला. ज्यांचा पगार पुरत नव्हता अशी माणसे आयर्लंड, जर्मनी, स्पेन अशा ठिकाणी काही महिने नोकरी करून, तिथे एकत्र संसार करून ब्रिटनला परतत. वकिलांच्या भाषेत या रस्त्याला आजही सुरिंदर सिंग यांचेच नाव आहे. ब्रेक्झिटनंतर, मार्च २०२२ अखेर, तो नव्या अर्जदारांसाठी बंद झाला.

आता तो आकडा. ९ जुलै २०१२ रोजी १८,६०० पौंडांची अट लागू झाली. त्यामागे निदान एक तर्क होता: एवढी कमाई असलेल्या जोडप्याला उत्पन्नावर आधारलेली सरकारी मदत घ्यावी लागत नाही. २०२४ मध्ये ती २९,००० वर नेली तेव्हा मदतीचा संबंध सुटला आणि परदेशी कुशल कामगारांच्या पगाराशी तुलना आली. ती पुढे ३८,७०० पर्यंत न्यायची घोषणा होती, ती तिथेच थांबली. पण २९,०००सुद्धा किती आहेत? एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमधले किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षभर खाडा न करता काम केले तर सुमारे २३,८०० पौंड होतात. म्हणजे दुकानात, गोदामात, वृद्धांच्या शुश्रूषागृहात पूर्णवेळ राबणारा ब्रिटिश नागरिक नुसत्या पगाराच्या जोरावर परदेशी जोडीदार आणू शकत नाही. यात स्त्रिया जास्त भरडल्या जातात, कारण अर्धवेळ काम आणि घरची जबाबदारी त्यांच्याकडे जास्त. लंडनबाहेर, जिथे पगार कमी आणि घरभाडेही कमी, तिथे राहणारे भरडले जातात. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला. अटीमुळे पुष्कळ कुटुंबांची ओढाताण होते हे न्यायाधीशांनी मान्य केले, तरी अट बेकायदा ठरवली नाही. मुलांच्या हिताचा आणि इतर मार्गांनी येणाऱ्या पैशाचा विचार करायला मात्र सरकारला भाग पाडले.

पगार मोजण्याची रीत आकड्याहूनही जास्त जणांना अडकवते. एकाच मालकाकडे सहा महिने नोकरी झाली असेल तर त्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या बघतात. नेमका पगार ठरलेला असेल तर सहापैकी सर्वांत कमी महिना धरून त्याची बारापट करतात. समजा पगार महिना २,५०० पौंड आहे. वर्षाचे ३०,००० होतात, सगळे ठीक आहे. पण एका महिन्यात बिनपगारी रजा झाली आणि हातात आलेल्या चिठ्ठीवर २,२०० लागले. आता हिशेब २,२०० गुणिले बारा, म्हणजे २६,४००, असा होतो आणि अर्ज पडतो. अशा वेळी तो महिना सहाच्या बाहेर जाईपर्यंत थांबणे हाच शहाणपणा. चिठ्ठीवरची रक्कम त्याच महिन्यात बँकेत जमा झालेली दिसली पाहिजे, आणि खाते उतारा अर्जाच्या तारखेआधीच्या २८ दिवसांतला हवा.

इकडच्या माणसाची कमाई पहिल्या अर्जात धरत नाहीत. पुण्यात आयटी कंपनीत लाखांत पगार घेणारी बायको असेल आणि मँचेस्टरचा नवरा २४,००० पौंडांवर असेल, तर बायकोचा पगार कागदावर शून्य. जिथे दोघेही पुण्यात राहतात आणि नवरा ब्रिटिश पासपोर्टधारक आहे, तिथे त्याचा सध्याचा पगार आणि ब्रिटनमध्ये परतल्यावर तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या, पुरेशा पगाराच्या नोकरीचे पत्र अशा दोन्ही गोष्टी लागतात. लंडनच्या नोकरीच्या मुलाखतीला पुण्यातून बसणे आले.

बचत मात्र चालते, आणि तिचे गणित सोपे आहे. बचतीतून १६,००० वजा करायचे, उरलेल्याला अडीचने भागायचे. जे येईल तेवढी पगाराची अट कमी होते. ४०,००० पौंड असतील तर २४,००० उरतात, अडीचने भागून ९,६००. म्हणजे पगार १९,४०० असला तरी भागते. नुसत्या बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड लागतात. पैसे दोघांपैकी कोणाच्याही नावावर सहा महिने पडून असले पाहिजेत. आईवडिलांनी दिलेले चालतात, पण ते उसने नसावेत. मुदत ठेव लगेच मोडता येण्याजोगी हवी. शेअर विकून पैसे खात्यात आल्याशिवाय, आणि गावचे शेत सातबाऱ्यावर असेपर्यंत, कशाचाच उपयोग नाही. ब्रिटनमधल्या जोडीदाराला अपंगत्वाचा किंवा आजारी माणसाची काळजी घेण्याचा सरकारी भत्ता मिळत असेल, तर २९,००० ची अट लागतच नाही. ही गोष्ट ब्रिटनमधल्या कितीतरी कुटुंबांना माहीत नसते, आणि हकनाक वर्षे जातात.

गोव्याच्या माणसांची गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीमुळे गोव्यातल्या अनेकांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता आला, आणि त्या पासपोर्टवर ते युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनला गेले. स्विंडन या गावात त्यांची मोठी वस्ती आहे. युरोपीय नियमांत जोडीदारासाठी पगाराची अट नव्हती. ३१ डिसेंबर २०२० ला ते दार नव्या नात्यांसाठी बंद झाले. आता असे धरा, की स्विंडनमध्ये एकाच गोदामात काम करणारे दोन भाऊ आहेत. थोरल्याचे लग्न २०१९ चे. त्याची बायको आजही युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेखाली फी न भरता, पगार न दाखवता येऊ शकते. धाकट्याची मुलीशी ओळखच २०२२ मध्ये झाली. त्याला २९,००० दाखवावे लागतात. घर एक, पगार एक, आणि दोन भावांना दोन कायदे.

नाते खरे असल्याचा पुरावा हा आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांत नाजूक भाग असतो. दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असली पाहिजे, एवढीच किमान अट आहे. किती दिवसांची ओळख हवी, हे नियमात कुठेही नाही. पण कांदेपोह्यांचा कार्यक्रम, दोन भेटी, आणि तीन महिन्यांत लग्न ही चाल दुसऱ्या समाजात वाढलेल्या अधिकाऱ्याला अनोळखी असते. म्हणून अर्जासोबत दोघांनी साध्या शब्दांत पत्र लिहावे: स्थळ कोणी आणले, कुठे भेटलो, बोलणी कशी झाली, लग्नानंतर किती दिवस एकत्र होतो, रोज कसे बोलतो. पत्रातली प्रत्येक तारीख पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी, तिकिटांशी जुळली पाहिजे. लग्नाच्या अल्बममधले दोनशे फोटो जोडण्यापेक्षा साखरपुडा, लग्न आणि नंतरच्या भेटी अशा वेगवेगळ्या प्रसंगांचे मोजके फोटो बरे. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर हवे, त्यावर भाषांतरकाराची सही, तारीख आणि पत्ता हवा. दाखल्यावर नवे नाव, पासपोर्टवर माहेरचे, पदवीवर तिसरेच, हा महाराष्ट्रातला नेहमीचा घोळ. तो पत्रातच उलगडून सांगावा. आणि पूर्वी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर ते लपवू नये. नकार माफ होतो, लपवाछपवी उघडी पडली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

पर्यटक म्हणून जायचे आणि तिथूनच जोडीदाराचा अर्ज करायचा, हे चालत नाही. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या व्हिसावर आधीच तिथे असलेल्याला मात्र देश न सोडता व्हिसा बदलता येतो. नकार आला तर भारतातून अपील करायला २८ दिवस असतात.

खर्च डोळे फिरवणारा आहे. एप्रिल २०२५ च्या दराने भारतातून अर्जाची फी १,९३८ पौंड होती, आणि आरोग्यसेवेचा अधिभार पहिल्या ३३ महिन्यांसाठी ३,१०५. मग ३० महिन्यांची मुदतवाढ, पुन्हा फी, पुन्हा अधिभार. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज, त्याची फी त्याच दराने ३,०२९. प्रत्येक टप्प्याला इंग्रजीची पायरी चढते, आणि शेवटी ब्रिटनच्या इतिहासावर आणि कारभारावर ४५ मिनिटांत २४ प्रश्नांची परीक्षा. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला त्यानंतर लगेच नागरिकत्व मागता येते. ते घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळते, वडिलोपार्जित शेतीत वारसाहक्क राहतो, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. उलट दिशेने बघितले तर आपला कायदाही हात आखडूनच आहे. भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला लग्न दोन वर्षे टिकल्याशिवाय ओसीआय मिळत नाही, आणि घटस्फोट झाला की ते रद्द होते.

या पाच वर्षांत इकडून गेलेला जोडीदार कायद्याने दुसऱ्यावर अवलंबून असतो. लग्न टिकले तर व्हिसा टिकतो. सरकारी मदतीवर हक्क नसतो. चांगल्या घरात याची जाणीवही होत नाही, वाईट घरात हेच हत्यार होते. तक्रार केलीस तर परत पाठवीन, ही धमकी कितीजणींनी ऐकली असेल. १९७९ मध्ये पश्चिम लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेने याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. तेव्हा या पाच वर्षांऐवजी परीक्षाकाळ एक वर्षाचा होता. ते वर्ष भरण्याआधी मार खाऊन घर सोडणाऱ्या बाईला देशही सोडावा लागे. १९९९ मध्ये पहिली सवलत मिळाली, २००२ मध्ये ती नियमांत आली. आज छळ सिद्ध झाला तर पाच वर्षे न थांबता कायम वास्तव्य मागता येते. हातात पैसे नसतील तर फी माफ होते. निर्णय होईपर्यंत जगण्यासाठी तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी आणि सरकारी मदत मिळू शकते. छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. पैसे काढून घेणे, फोन तपासणे, माहेरी बोलू न देणे हेही त्यात येते. पुरुषांनाही हा नियम सारखाच लागू आहे.

छळाचा एक प्रकार आपल्या गावांपर्यंत पोचतो. सुट्टीच्या नावाखाली सुनेला भारतात आणायचे, माहेरी सोडायचे, पासपोर्ट घेऊन नवऱ्याने एकट्याने परत जायचे. पूर्वी अशी मुलगी ब्रिटनच्या बाहेर आहे म्हणूनच तिला काही मागता येत नसे. २०२२ च्या एका न्यायालयीन निकालानंतर नियम बदलले, आणि ३१ जानेवारी २०२४ पासून भारतात सोडून दिलेल्या जोडीदारालाही इथून कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. मुलगी देणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे. पासपोर्टच्या प्रत्येक पानाची, व्हिसाच्या पत्राची आणि लग्नाच्या दाखल्याची एक प्रत माहेरी ठेवावी. ब्रिटनचा व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो. ते खाते उघडताना ईमेल आणि फोन नंबर मुलीचाच द्यावा, नवऱ्याचा नव्हे.